मुतखडा किडनीतला आणि पाइपातला : वाचकांचे प्रश्न

या वेळची पत्रं वाचताना जरा गंमतच झाली. एकीचा प्रश्न आईच्या किडनीचा, एका काकांचा सोसायटीच्या एसटीपीचा (सांडपाणी साफ करायच्या प्लांटचा), एका शेतकरी दादांचा खताचा, आणि तिघांचं उत्तर फिरून फिरून एकाच पांढऱ्या स्फटिकापाशी येतंय, म्हणून तिन्ही याच अंकात घेतलेत, बाकीचे जागा उरेल तसे. नेहमीचं एकदा सांगून टाकते, मी लॅबवाली आहे, मायक्रोबायोलॉजी माझा विषय, त्यामुळे गोळी कुठली आणि किती ते तुमच्या डॉक्टरांनाच विचारायचं.

प्रश्न : ताई, माझ्या आईला वारंवार लघवीचं इन्फेक्शन होत होतं, आता सोनोग्राफीत डाव्या किडनीत मोठा खडा निघाला, डॉक्टर म्हणाले स्टॅगहॉर्न आहे, बहुतेक स्ट्रुव्हाइट, ऑपरेशन लागेल. शेजारच्या काकू म्हणतात टोमॅटो आणि बोअरच्या पाण्याने झालं, दूध पण बंद कर. आईने दूध, टोमॅटो सगळं सोडलंय. खरं काय? — एक वाचक, बार्शी

टोमॅटो आधी निकालात काढू. टोमॅटोत ऑक्झलेट तसं कमीच असतं, पालकात भरपूर असतं, पण मुळात ऑक्झलेटचा विषय येतो तो कॅल्शियम ऑक्झलेटच्या खड्यांत, जे सगळ्यात जास्त लोकांना होतात. डॉक्टरांचा अंदाज बरोबर असेल तर तुमच्या आईचा खडा त्या जातीचा नाहीच, त्याला इन्फेक्शनचा खडा म्हणतात आणि त्याची कूळकथा पूर्ण वेगळी आहे.

स्ट्रुव्हाइट म्हणजे मॅग्नेशियम, अमोनियम आणि फॉस्फेट मिळून झालेला स्फटिक. मॅग्नेशियम आणि फॉस्फेट तुमच्या-माझ्या सगळ्यांच्याच लघवीत असतं, पण लघवी एरवी थोडी आम्लधर्मी असते त्यामुळे ते विरघळलेलं राहतं आणि बाहेर जातं. आता होतं काय की रोज आपण साधारण 20 ते 30 ग्रॅम युरिया लघवीवाटे टाकतो, आणि प्रोटियस नावाचा एक जिवाणू आहे तो युरिएज नावाचं एन्झाइम बनवतो, ते एन्झाइम हा युरिया फोडतं, त्यातून अमोनिया सुटतो, लघवीचा पीएच (आम्लता मोजायचा आकडा, तो वाढला की आम्लता कमी) वर चढत 7.2 च्या पुढे गेला की जे विरघळलेलं होतं ते सगळं दगड होऊन बसायला लागतं. क्लेबसिएला आणि अजून काही जिवाणूही हे करतात. पण लघवीच्या इन्फेक्शनमध्ये सगळ्यात जास्त वेळा सापडतो तो ई. कोलाय, आणि तो सहसा हे एन्झाइम बनवतच नाही, म्हणून तर इतक्या बायकांना इन्फेक्शन होऊनही हे खडे मोजक्याच जणींना होतात. (हेच युरिएज 1926 साली जेम्स समनर यांनी जॅक बीन नावाच्या, आपल्या आबईच्या भाऊबंदातल्या शेंगेच्या दाण्यांतून शुद्ध स्फटिकरूपात काढून दाखवलं, एन्झाइम म्हणजे प्रोटीन असतं हे तोवर बरेच मोठमोठे लोक मानायला तयार नव्हते, 1946 ला त्यांना नोबेल मिळालं. विषयांतर झालं, पण मला हा किस्सा फार आवडतो.)

प्रोटियस लॅबमध्ये लपत नाही. बाकीचे जिवाणू प्लेटवर ठिपक्या-ठिपक्यांनी वाढतात, हा सकाळपर्यंत आख्खी प्लेट व्यापतो, एकाबाहेर एक अशी पातळ वलयं पसरलेली, आणि झाकण उघडलं की माशाच्या बाजारासारखा वास. नवीन आलेल्या मुली नाक दाबतात, जुन्या माणसाला वासावरूनच कळतं कोण आलंय ते.

आता मुद्द्याचं. हे जिवाणू खड्याच्या बाहेर चिकटलेले नसतात, खड्याच्या आत गाडलेले असतात, थरावर थर चढत जातो आणि प्रत्येक थरात ते असतात. अँटिबायोटिकने लघवीतले मरतात, रिपोर्ट चांगला येतो, सगळे खूश, आणि कोर्स संपला की आतले पुन्हा बाहेर. आईचं इन्फेक्शन सारखं उलटत होतं त्याचं कारण बहुधा हेच. खडा काही आठवड्यांत-महिन्यांत वाढून किडनीच्या सगळ्या कप्प्यांत फांद्या पसरतो, तो सांबराच्या शिंगासारखा दिसतो म्हणून स्टॅगहॉर्न. तसाच ठेवला तर हळूहळू किडनी निकामी होऊ शकते, इन्फेक्शन रक्तात जाऊ शकतं, म्हणून डॉक्टर ऑपरेशन म्हणतायत ते उगाच नाही.

ऑपरेशन म्हणजे आता पोट फाडणं नसतं. पाठीतून लहान भोक पाडून दुर्बिणीने खडा फोडून काढतात, त्याला पीसीएनएल म्हणतात, ही पद्धत 1976 साली स्वीडनमध्ये फेर्नस्ट्रॉम आणि योहान्सन यांनी पहिल्यांदा छापली. बाहेरून धक्क्याच्या लहरींनी खडा फोडायची मशीन 1980 ला म्युनिकमध्ये पहिल्यांदा पेशंटवर वापरली, लोकांना ती जास्त आवडते कारण कापाकापी नाही, पण एवढ्या मोठ्या फांद्या असलेल्या खड्याला नुसती ती सहसा पुरत नाही, तुकडे राहतात, आणि या जातीत राहिलेला तुकडा म्हणजे पुढच्या खड्याचं बियाणंच. म्हणून सगळा खडा निघाला का हे नंतर तपासून घ्या. आणि एक काम न लाजता सांगा, काढलेला खडा फेकू नका, त्याचं पृथक्करण करा आणि त्यावर कल्चर, म्हणजे जिवाणू वाढवून ओळखायची तपासणी, पण लावा. लघवीच्या कल्चरमध्ये एक जिवाणू आणि खड्याच्या आत दुसराच, असं बऱ्याचदा निघतं, आणि नंतरचं अँटिबायोटिक खड्यातल्यावर चाललं पाहिजे ना.

दुधाचं. इटलीत पार्मा इथे बोर्गी आणि सहकाऱ्यांनी 120 पुरुष घेतले, कॅल्शियम ऑक्झलेटचे खडे पुन्हा पुन्हा होणारे आणि लघवीतून कॅल्शियम जास्त जाणारे, निम्म्यांना कॅल्शियम कमी असलेला आहार दिला आणि निम्म्यांना नेहमीइतकं कॅल्शियम पण मीठ आणि मांस कमी. पाच वर्षांत दूधदुभतं तोडलेल्या 60 पैकी 23 जणांना पुन्हा खडा, दुसऱ्या 60 पैकी 12 जणांना. हे 2002 साली छापून आलंय, तरी आजही पेशंटला घरचे पहिलं काय सांगतात तर दूध बंद कर. म्हणजे ज्या खड्यात कॅल्शियम आहे तिथेसुद्धा दूध सोडून फायदा नाही, आईच्या खड्याचा तर दुधाशी संबंधच नाही. द्या त्यांना दूध. बोअरचं पाणी जड असलं तरी या खड्याचा दोष त्याच्यावर टाकता येत नाही.

प्रश्न : माझ्या लघवीच्या रिपोर्टमध्ये 'ट्रिपल फॉस्फेट क्रिस्टल्स ++' लिहून आलंय. नेटवर बघितलं तर हेच स्ट्रुव्हाइट. मला काही त्रास नाही. खडा आहे का? — वाचक, कोल्हापूर

हो, ट्रिपल फॉस्फेट म्हणजे तेच, सूक्ष्मदर्शकाखाली चौकटीदार, वरून कडा छाटलेल्या पेटीसारखे चकचकीत दिसतात, एकदा बघितले की विसरत नाही. पण स्फटिक दिसले म्हणजे खडा झाला असं अजिबात नाही. मला आधी सांगा बाटली लॅबला किती वेळाने पोचली? सकाळी सहाला घेतली, ऑफिसला जाताना स्कूटरच्या डिकीत ठेवली आणि अकराला दिली असं असेल तर त्या बाटलीतच जिवाणू वाढले, युरिया फुटला, पीएच चढला आणि स्फटिक बाटलीतच तयार झाले. ताजा नमुना तास-दोन तासांत द्या, नसेल जमत तर फ्रीजमध्ये ठेवा (घरच्यांना सांगून ठेवा बाई). ताज्या नमुन्यातही स्फटिक, वर पस सेल्स (पू झाल्याच्या पेशी) आणि पीएच आठच्या आसपास असं आलं तर मात्र डॉक्टरांकडे जा, ते कल्चर आणि सोनोग्राफी सांगतील.

प्रश्न : आमच्या सोसायटीचा एसटीपी सहा वर्षं जुना आहे. युरिनल्सकडून येणारा पाइप आणि गाळाच्या पंपाचा पाइप आतून पांढऱ्या-पिवळट दगडाने भरत आलाय, पंप पण त्यानेच गेला असं मेकॅनिक म्हणतो. ऑपरेटर म्हणतो टाकीत अ‍ॅसिड ओतू, एकदम साफ होईल. ओतावं का? — कमिटी मेंबर, पिंपरी-चिंचवड

काका, टाकीत अ‍ॅसिड ओतू नका. हे पहिल्याच ओळीत लिहिते कारण हे वाचेपर्यंत ऑपरेटर कॅन घेऊन आला असेल. गाळात सल्फाइड असतं, त्यावर अ‍ॅसिड पडलं की हायड्रोजन सल्फाइड सुटतो, बंद टाकीत तो माणूस मारतो, गटारात आणि टाकीत उतरलेली माणसं दगावल्याच्या बातम्या आपण दर थोड्या दिवसांनी वाचतो त्यात बऱ्याचदा हाच गॅस असतो. शिवाय तुमच्याकडे शेवटी पाणी निर्जंतुक करायला हायपो (ब्लीचचं द्रावण) टाकत असतील, हायपो आणि अ‍ॅसिड एकत्र आलं की क्लोरीन. आणि एसटीपी ज्या जिवाणूंच्या जिवावर चालतो तेही मरतील ते वेगळंच.

आता तो दगड काय आहे ते बघा, घरच्या घरी कळतं. पाइप खोलल्यावर निघालेला एक तुकडा वाटीत घ्या आणि वर थोडं व्हिनेगर किंवा लिंबाचा रस टाका. बुडबुडे येऊन फसफसला तर तो कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे टँकरच्या नाहीतर बोअरच्या जड पाण्याचा क्षार. बुडबुडे न येता हळूहळू विरघळत गेला तर स्ट्रुव्हाइट किंवा त्याच्या जवळचं काहीतरी फॉस्फेट. बऱ्याचदा दोन्ही मिसळलेलं असतं, तेव्हा थोडं फसफसतं आणि थोडं उरतं. युरिनलच्या पाइपात तर हे हमखास होतं, विशेषतः कमी पाण्याचे किंवा बिनपाण्याचे युरिनल असतील तर, कारण लघवी पातळ होत नाही, पाइपात जिवाणूंचा चिकट थर असतोच, ते तिथेच युरिया फोडतात आणि साठलेल्या लघवीचा पीएच नऊपर्यंत जातो. बार्शीच्या ताईंच्या आईच्या किडनीत जे चाललंय अगदी तेच, फक्त इथे पीव्हीसीच्या पाइपात.

गाळाच्या बाजूला कारण जरा वेगळं असतं. जिथे गाळ हवेशिवाय सडतो तिथे जिवाणूंच्या पोटातलं फॉस्फेट आणि अमोनिया पुन्हा पाण्यात सुटतात, आणि मग पाणी जिथे आपटतं, वळतं किंवा दाब कमी होतो तिथे कार्बन डायऑक्साइड उडून जातो, पीएच वाढतो आणि दगड नेमका तिथेच धरतो. म्हणून एल्बो, व्हॉल्व्ह आणि पंपाचं तोंड आधी चोंदतं, सरळ पाइप बराच काळ बरा राहतो. हे काही तुमच्याच सोसायटीचं दुखणं नाही, लॉस एंजेलिसच्या हायपेरियन या अवाढव्य मैलापाणी केंद्रात 1960 च्या दशकात पाइप असेच दगडाने भरले आणि इंजिनियर लोकांनी या स्फटिकाचा नीट अभ्यास सुरू केला तो तेव्हापासून. त्याची ओळख मात्र त्याहून जुनी, 1845 साली जर्मनीत हॅम्बुर्गमध्ये जमिनीखालच्या जुन्या मैल्याच्या थरांत तो सापडला आणि श्ट्रूव्ह नावाच्या भूगर्भतज्ज्ञाच्या नावावरून त्याचं नाव पडलं. म्हणजे खनिज म्हणून त्याची नोंद झाली तीच गटारातून!

करायचं काय तर तो भाग बंद करून, पाइप खोलून बाहेर मोकळ्या हवेत सौम्य सायट्रिक अ‍ॅसिडच्या पाण्यात भिजत ठेवायचा, हातमोजे आणि चष्मा घालून, नंतर चुन्याने किंवा सोड्याने त्या पाण्यातलं अ‍ॅसिड मारून मगच ते सोडायचं. फार जाड थर असेल तर तेवढा पाइप बदललेला परवडतो. बदलताना एल्बो कमी करा, तीव्र वळणाऐवजी लांब वळण द्या, आतून गुळगुळीत पाइप घ्या. युरिनलला रोज रात्री एकदा भरपूर पाणी सोडा, ते पण जमल्यास मऊ पाणी, टँकरचं जड पाणी सोडलंत तर वर कॅल्शियमची भर. आणि माणूस टाकीत उतरवायचा नाही, कायद्यानेही नाही आणि माणुसकीनेही नाही, यंत्राने जे होईल ते.

प्रश्न : डीएपीचं पोतं मिळायला रांग लागते. लघवीतून फॉस्फेटचं खत निघतं असं ऐकलं. खरं आहे का, शेतकऱ्याला करता येईल का? — एक द्राक्षबागायतदार, निफाड

निघतं, आणि ते खत म्हणजे परत तेच स्ट्रुव्हाइट, दादा. गावाच्या सांडपाण्यात जो नायट्रोजन येतो त्यातला ऐंशी टक्क्यांच्या आसपास एकट्या लघवीतून येतो आणि फॉस्फरस साधारण निम्मा, आणि लघवीचं आकारमान सांडपाण्यात टक्काभर. म्हणजे माल आपण आधी पाण्यात पातळ करतो आणि मग करोडो रुपये खर्चून तो वेगळा काढायच्या मागे लागतो, मला हे गणित कधी पटलेलं नाही.

कॅनडात ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातून निघालेली एक पद्धत आहे, गाळ पिळल्यावर निघणाऱ्या पाण्यात मॅग्नेशियम घालून उंच रिअ‍ॅक्टरमध्ये खालून वर फिरवतात, मोत्यांसारखे गोल दाणे तयार होतात. अमेरिकेत ओरेगनमधल्या डरहॅम केंद्रात 2009 पासून आणि शिकागोच्या स्टिकनी केंद्रात 2016 पासून असे दाणे काढून विकतात. खताचा ग्रेड बघा (आकडे क्रमाने नायट्रोजन, फॉस्फेट, पालाशचे टक्के) : 5-28-0 आणि वर 10 टक्के मॅग्नेशियम, तुमची डीएपी 18-46-0. नायट्रोजन कमी, पण मॅग्नेशियम फुकट, आणि पाण्यात पटकन विरघळत नाही, मुळं जे आम्ल सोडतात त्याने हळूहळू सुटतं, त्यामुळे वाहून जाणं कमी. चुनखडीच्या, जास्त पीएचच्या जमिनीत मात्र ते फारच सावकाश सुटतं, आणि नाशिक भागात तशा जमिनी बऱ्याच, तेव्हा माती परीक्षण हातात घेऊनच विचार करा.

शेतावर करायचं तर तत्त्व सोपं आहे, साठवून जुनी झालेली लघवी घ्या, त्यात मॅग्नेशियम सल्फेट, जे तुम्ही बागेला फवारताच, ते घाला, ढवळा, पांढरा गाळ खाली बसतो, कापडातून गाळून सावलीत वाळवा. नेपाळमध्ये काठमांडूजवळ सिद्धीपूर गावात आणि दक्षिण आफ्रिकेत डर्बनला स्विस संशोधकांनी हे गावपातळीवर करून बघितलं. अडचण कुठे येते तर लिटरमागे निघतो तो गाळ जेमतेम एक-दोन ग्रॅम, म्हणजे किलोभर खताला शेकडो लिटर लघवी गोळा करून वाहून आणायची, मॅग्नेशियमचा खर्च वेगळा, आणि गाळ काढल्यावर उरलेल्या पाण्यात बहुतेक सगळा नायट्रोजन तसाच राहतो, ते ओतून दिलं तर काय मिळवलं? त्यामुळे एकट्या शेतकऱ्याने स्ट्रुव्हाइटच्या मागे न लागता लघवीच पातळ करून मातीत दिलेली बरी. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2006 च्या मार्गदर्शनात बाहेरच्या लोकांची गोळा केलेली लघवी 20 अंश तापमानाला किमान सहा महिने बंद साठवली तर बहुतेक सगळ्या पिकांना चालेल असं आहे. पानांवर, घडांवर नाही, मुळाशी मातीत, आणि लगेच मातीआड करायची नाहीतर अमोनिया उडून जातो. एक्स्पोर्टची द्राक्षं असतील तर आधी तुमच्या खरेदीदाराला विचारा, त्यांच्या यादीत हे बसत नसेल तर माल अडकेल. मोठ्या प्रमाणावर हे काम महापालिकांच्या केंद्रांनी करायचं आहे, तिथे गाळाचं पाणी आयतं मिळतं आणि पाइप चोंदायचा त्रासही वाचतो.

प्रश्न : मी बीएस्सी मायक्रोला आहे. सांडपाणी प्रक्रियेत अँटिबायोटिकला न जुमानणारे जिवाणू मरतात का? — विद्यार्थिनी, रत्नागिरी

थोडक्यात, कमी होतात, संपत नाहीत. आज जगभर वापरतात ती हवा देऊन गाळ फिरवायची पद्धत आर्डर्न आणि लॉकेट यांनी 1914 साली मँचेस्टरमध्ये मांडली, तिचा हेतू घाण खाऊन पाणी निवळणं हा, अँटिबायोटिक तेव्हा जन्माला यायची होती. नव्वद-नव्याण्णव टक्के जिवाणू कमी झाले तरी मुळात ते कोट्यवधी असतात, उरलेला एक टक्का पण मोठा. शिवाय त्या टाकीत दाटीवाटीने राहणारे जिवाणू एकमेकांना प्लाझमिड, म्हणजे असे गुण वाहून नेणारे डीएनएचे छोटे गोल तुकडे, देतात. आणि सिप्रोफ्लॉक्सासिनसारखी औषधं निम्म्याच्या आसपास जशीच्या तशी लघवीतून बाहेर पडतात, म्हणून तर ती लघवीच्या इन्फेक्शनला चालतात, पण पुढे ती गटारातच जातात.

तुझ्या अभ्यासाला एक नीट उदाहरण देते. एनडीएम-1 हे कार्बापेनेम (बाकीची चालेनाशी झाली की वापरायची जोरदार अँटिबायोटिक) फोडणारं एन्झाइम पहिल्यांदा सापडलं ते 2008 साली, दिल्लीला जाऊन आलेल्या स्वीडनमधल्या एका भारतीय वंशाच्या पेशंटच्या लघवीत, क्लेबसिएलात. 2011 ला छापलेल्या पाहणीत तोच जीन दिल्लीत रस्त्याकडेच्या साचलेल्या पाण्याच्या 171 पैकी 51 नमुन्यांत आणि नळाच्या 50 पैकी 2 नमुन्यांत निघाला. आणि हैदराबादजवळच्या पटानचेरूला औषध कारखान्यांचं सांडपाणी एकत्र साफ करणाऱ्या केंद्राच्या बाहेर पडणाऱ्या पाण्यात 2007 च्या शोधनिबंधात सिप्रोफ्लॉक्सासिन लिटरला 31 मिलिग्रॅमपर्यंत मोजलंय, पेशंटच्या रक्तात औषध घेतल्यावर जेवढं असतं त्यापेक्षाही जास्त, आणि तेही प्रक्रिया झालेल्या पाण्यात! प्रोजेक्ट करायचा असेल तर तुमच्या गावच्या नाल्याचे नमुने वर-खाली दोन ठिकाणी घेऊन साध्या डिस्क पद्धतीने (प्लेटवर अँटिबायोटिकच्या चकत्या ठेवून जिवाणू वाढतात का बघायचं) सुरुवात कर, गाइडच्या देखरेखीखाली, हातमोजे घालून.

प्रश्न : बिअर प्यायल्याने मुतखडा पडतो का? — (नाव नको, ठाणे)

हा प्रश्न नसलेला अंक अजून निघायचाय. अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीत, 2013 ला छापलेल्या, बिअर पिणाऱ्यांत नवीन खडे कमी आढळले हे खरं आहे, पण ती नुसती पाहणी, प्रयोग नाही, आणि ती खडा होऊ नये याबद्दल, झालेला पडण्याबद्दल नाही. युरिक अ‍ॅसिड वाढतं ते तर आहेच. पाण्याचा मात्र खरोखर प्रयोग झालाय, तोही पार्मालाच, 199 जण, पाच वर्षं, भरपूर पाणी पिणाऱ्यांत 12 टक्क्यांना पुन्हा खडा आणि बाकीच्यांत 27 टक्क्यांना. दिवसाला दोन-अडीच लिटर लघवी होईल एवढं पाणी प्यायचं, हृदयाचा किंवा किडनीचा आधीपासून आजार असेल तर डॉक्टरांना विचारून. आणि खड्याच्या कळेबरोबर थंडी वाजून ताप आला किंवा लघवी बंद झाली तर पाणी नाही, बिअर नाही, सकाळपर्यंत थांबणं नाही, त्याच रात्री हॉस्पिटल गाठायचं.